प्याऊवरचे दोन मासे

मीटरकाकांना कुणी पत्ता विचारला तर ते डावं-उजवं सांगत नसत. "इथून सत्तर मीटर सरळ जा, मग बावीस मीटर पुढं लिंबाचं झाड लागेल," असं सांगत. विचारणारा हसायचा, निघून जायचा, आणि बहुतेक वेळा चुकायचा, कारण चालता चालता मीटर मोजायची सवय कुणाला असते? काकांना होती. शेतं मोजण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. पटवारी म्हणून रिटायर झाले, मोजणीची लोखंडी साखळी, म्हणजे जरीब, सरकारात जमा केली, आणि घरी येऊन नायलॉनची दोरी विकत घेतली. तिला दर दहा मीटरवर गाठ मारली, आणि शंभराव्या मीटरला लाल चिंधी बांधली.

मीटरकाका हे नाव गल्लीनं ठेवलेलं. त्यांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. ते एका सरकारी कागदावर एका चुकीच्या वाक्यात अडकून पडलंय.

मी औशाकडचा. आठवीतून शाळा सुटली ती सुटलीच. गिलाव्याचं काम शिकलो आणि सव्विसाव्या वर्षी एका ठेकेदाराबरोबर बुऱ्हाणपूरला आलो. शाहपूर रोडला घरं उभी राहत होती. आमच्या गावाहून इथं यायला दोन गाड्या बदलाव्या लागतात, आणि उतरल्यावर भाषासुद्धा थोडी बदललेली असते. लोक मराठी बोलतात, पण "करतोय" म्हणत नाहीत, "करून राहिलो" म्हणतात, आणि मध्येच हिंदीत उतरून परत वर येतात. पहिले काही महिने मला सतत वाटायचं की आपण काहीतरी चुकीचं बोललो, आणि आता कुणीतरी कागद मागणार. कागदाची मला लहानपणापासून भीती. शाळेचा दाखला, रेशनकार्ड, कुठलाही कागद समोर आला की तळहाताला घाम यायचा.

खोली शोधत मी काकांच्या दारात गेलो तेव्हा त्यांनी नाव विचारलं नाही, जात विचारली नाही. स्वयंपाकघरात नेलं आणि वर बघायला सांगितलं. छताला तडा होता. त्याखाली चूल, आणि चुलीवर दोरीनं टांगलेली उघडी काळी छत्री.

"तू मिस्त्री ना? किती वेळाचं काम आहे?"

"अर्ध्या दिवसाचं. आजच करतो की काका."

"आज नाही. परवानगी यायची आहे."

मला वाटलं घर दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल. घर त्यांचंच होतं. पण किल्ल्याच्या अंगाला एक जुनी इमारत आहे, सरकारनं संरक्षित केलेली, दारात निळा फलक लावलेली. तिच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद. त्यापुढं आणखी दोनशे मीटर काहीही बांधायचं किंवा दुरुस्त करायचं तर आधी परवानगी. काकांचं घर त्या दोनशेत येत होतं. गल्लीतल्या बाकी कुणी असली परवानगी काढल्याचं मी ऐकलं नाही. लोक सणाच्या सुट्टीत भिंती चढवून मोकळे व्हायचे. काकांनी मात्र अर्ज केला होता आणि छत्री टांगली होती. अर्ज एकदा परत आला, कारण नकाशात उत्तर दिशेचा बाण नव्हता. आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस. त्या दिवशी ते जेवले नाहीत म्हणे.

खोली मिळाली. दोन महिन्यांनी मला कावीळ झाली. ठेकेदार दुसऱ्या गावी निघून गेला, सोबतची पोरं गेली. काकांनी मला उसाचा रस पाजला, बिनतेलाचा दुधी खाऊ घातला, आणि खाटेजवळ खुर्ची घेऊन कायदा वाचून दाखवला. खरंच कायदा, प्राचीन स्मारकांचा. आई असती तर तिनं देवाचं काही वाचलं असतं. काकांकडं तेवढं एकच पुस्तक होतं, हिंदी, पानं सुटलेली. म्हणजे कावीळ आणि कायदा माझ्या अंगात एकदमच शिरले, आणि एकच उतरली.

बरा झालो तेव्हा पुस्तक माझ्या हातात आलं. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता, त्यांना अक्षर दिसेना. मग रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं. 'प्रतिषिद्ध' हा शब्द मी चार दिवस अडखळत वाचला. ते रागवायचे नाहीत. एक कलम संपलं की बोट वर करायचे.

"आता तुझ्या शब्दांत सांग."

"म्हणजे... जुन्या इमारतीला हात लावायचा नाही."

"कोणत्या जुन्या?"

"जुन्या म्हणजे, शंभर वर्षांच्या वरच्या."

"माझी आत्यापण शंभरीला टेकली होती. तिला नव्हता लागला फलक. पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचायचो. जुनं असणं वेगळं आणि संरक्षित असणं वेगळं, हे माझ्या डोक्यात शिरायला एक महिना गेला. वास्तू कितीही जुनी असो, सरकारनं तिचं नाव जाहीर केलं तरच कायदा तिच्या बाजूनं उभा राहतो. दिल्लीची एक यादी, भोपाळची एक यादी. नाव घालायचं तर आधी तशी सूचना निघते, ती त्या वास्तूपाशी डकवतात, कुणाची हरकत असेल तर मुदतीत ऐकतात, आणि मगच पक्कं होतं. तोवर ती नुसती एक जुनी भिंत.

हे सगळं मला समजावताना काकांचा जीव कशात अडकलाय, ते एका रविवारी कळलं. "चाल, दोरी धर," म्हणाले. मी लाल चिंधी धरून निळ्या फलकापाशी उभा राहिलो, ते पुढं गेले. मग मी पुढं, ते उभे. अशी तीन दोऱ्या मोजत आम्ही बाजारातून निघालो. मावा-जिलबीवाल्यानं कढईमागून हाक मारली.

"काका, माझी भट्टी कुठं येते हो? अंदर की बाहेर?"

"अंदर. पक्की बांधशील तर परवानगी काढ."

"आणि कढई?"

"कढई हलती आहे. तिला कायदा नाही."

"मग मला पण कढईतच बसवा, बायको परवानगी मागून राहिली रोज!"

बाजार हसला, काकाही हसले, पण दोरी सोडली नाही. तिसरी दोरी आमच्या घरापुढून जाऊन गल्लीच्या पलीकडच्या तोंडाशी संपली. काका तिथून पुढं पावलं टाकत गेले. आठ पावलं. आठव्या पावलावर प्याऊ होती.

पाणपोईला इकडं प्याऊ म्हणतात. ही फार जुनी, घुमटाची, आत चार माणसं उभी राहतील एवढीच खोली. या शहराला जमिनीखालून डोंगराचं पाणी आणत, मातीच्या नळांतून घरोघर सोडत, हे इथं पोरासोरांनाही ठाऊक आहे. काकांचं म्हणणं, त्या पाण्याचा एक फाटा इथं येत होता. भिंतीत मातीच्या नळाचं तोंड होतं, आणि त्या तोंडाभोवती पांढऱ्या क्षाराची वाटोळी कड चढलेली, बोटाएवढी जाड. "पाणी किती वर्षं वाहिलं ते हिला विचार," असं ते म्हणत. त्या नळाच्या वर, चुन्याच्या गिलाव्यात, दोन मासे कोरलेले होते. एकमेकांकडं तोंड केलेले. गेरूचा लाल रंग अजून खवल्यांत अडकलेला.

"गल्लीला वाटतं फलक जवळ आहे म्हणून ही पण जपलेली आहे," काका म्हणाले. "आठ पावलं बाहेर आहे ही. आणि आत असती तरी काय? तो घेर त्या दुसरीला जपतो. हिला कुणी पाडलं तर कुणाचं काही जात नाही, कारण ही यादीत नाही. समजलं का भाऊ?"

गल्ली रुंद करायचं घाटत होतं. पाडायची म्हणून पालिकेचे लोक प्याऊच्या भिंतीवर लाल रंगाची फुली मारून गेले होते. काका कितीतरी वर्षांपासून भोपाळला अर्ज करत होते: प्याऊचा नकाशा, नळाच्या तोंडाचं माप, माशांचं माप, उत्तरेचा बाण ठळक. शेवटचे अर्ज माझ्या अक्षरात आहेत. खाली सही करायच्या आधी ते मला पूर्ण वाचायला लावत आणि म्हणत, "न वाचता सही करू नको. वाचून कागद खोटा वाटला तर अजिबातच करू नको." त्यांनीच मला भाडेचिठ्ठी करून दिली, तिच्यावर माझा पत्ता झाला, पत्त्यावर बाकी सगळे कागद झाले. परगावात माझं असणं त्यांच्या उंबऱ्यावर टेकलेलं होतं. याची परतफेड म्हणून मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं. आणि मला येत काय होतं? गिलावा. रोज त्या छत्रीखाली ते पोळ्या भाजत आणि मी तडा बघत बसायचो. हात शिवशिवायचे.

ऑपरेशनसाठी मुलगी त्यांना इंदूरला घेऊन गेली. जाताना ते प्याऊपाशी थांबले, माशांवरून हात फिरवला. "आता येईन तेव्हा नीट बघेन," म्हणाले. "वर्षभर नुसतं बोटांनी बघून राहिलो."

ते गेले आणि आठवड्यानं भोपाळहून पत्र आलं. प्याऊ पाहायला साहेब येणार, अमुक तारखेला. मी फोनवर वाचून दाखवलं.

"पुन्हा वाच," म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"तारखेच्या सकाळी पोहोचतो मी. तू तोवर प्याऊ झाडून ठेव. केळीवाल्यानं आत प्लास्टिकचे क्रेट ठेवले आहेत, ते काढायला लाव. बस."

पुढचं लिहायला जड जातं.

आमच्या धंद्यात साहेब येणार म्हटलं की एकच अर्थ. मी ज्या ज्या साइटवर काम केलं तिथं तपासणीच्या आदल्या दिवशी पोपडे काढले, भेगा भरल्या, सफेदी मारली. साहेब येतो, गुळगुळीत भिंत बघतो, मान हलवतो. मुलगी बघायला पाहुणे येणार असले की घर सारवतात तसंच. आणि प्याऊची अवस्था काय होती? गिलावा फुगलेला, घुमटाला भेग, खाली शेवाळ. मला वाटलं, ही अशी बघून साहेब म्हणेल, यात राहिलंय काय? काकांनी नुसतं झाडायला सांगितलं, कारण मला भुर्दंड नको म्हणून संकोचले असतील, असंही माझ्या मनानं मला सांगितलं. आणि परवानगीचं म्हणाल, तर प्याऊ आठ पावलं बाहेर. यादीत नाही. तिला हात लावायला कुणाचा कागद लागत नव्हता. कायदा मी वाचला होता ना!

दोन दिवस मी कामावर गेलो नाही. जुन्या चुन्यावर सिमेंट धरत नाही, म्हणून आधी सगळा चुना खरवडला. नळाच्या तोंडावरची पांढरी कड छिन्नीनं काढली, मळकट दिसत होती म्हणून. मासे शेवटी राहिले. मी त्यांच्यासमोर थोडा वेळ उभा होतो, हे मला आठवतं. मग वाटलं, एवढेच ठेवले तर भिंत वर-खाली दिसेल, ठिगळ दिसेल. नव्या गिलाव्यात पुन्हा काढू, आणखी सुबक. खरवडताना लाल भुकटी मनगटावर पडत होती. त्यानंतर ओळंबा लावून, रंधा फिरवून मी असा गिलावा केला की माझ्या हातून तसा आधी झाला नव्हता आणि नंतरही नाही. जिलबीवाला बघायला आला. "अरे मिस्त्री, एकदम नवरीवानी करून टाकली तू!" मला रडू येईल इतका आनंद झाला होता.

काका तारखेच्या सकाळी आले. शनवारा चौकात बसमधून उतरून घरी आलेच नाहीत, पिशवी खांद्याला लावून सरळ प्याऊपाशी गेले. मी धावत गेलो. काळा चष्मा त्यांनी कपाळावर चढवला होता. भिंतीकडं बघत होते. वर, खाली, नळाच्या तोंडाकडं, परत वर. मग वर्षभराच्या सवयीनं हात उचलला आणि जिथं मासे होते तिथं फिरवला.

"ओळंबा लावला होता का?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

"सरळ आली."

एवढंच. चष्मा खाली घेतला. मी तोपर्यंत हसत होतो. त्यांचा हात भिंतीवरून निघेना, तेव्हा माझं हसू थांबलं. "मासे पुन्हा काढतो मी, काका, फोटो असेल तर..." मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, हो म्हणून का नको म्हणून ते मला आजही सांगता येत नाही.

साहेब अकराच्या सुमारास आले. तरुण होते, सभ्य होते, बूट काढून आत गेले. बाहेर आले ते हातावरची सिमेंटची पूड झटकत.

"ये प्लास्टर किसने किया?"

मी काकांच्या मागं दोन पावलांवर उभा होतो. माझ्या नखांत तीच पूड होती. मी हात पाठीमागं नेले. डोक्यात एकदम सगळं आलं: परगावचा माणूस, पोलीस, कागद, औशाला आई एकटी.

"मैंने करवाया," काका म्हणाले.

"आपने? सारे आवेदन तो आप ही के हैं!"

"हाँ. बूढ़ा आदमी हूँ. लगा, अच्छा दिखेगा."

साहेबांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. भिंत राहिली, खूण राहिली नाही. आता हिला जुनी कशावरून म्हणायचं, असं ते हळू आवाजात काहीतरी बोलले. पंचनामा तिथंच ओट्यावर लिहिला. खाली काकांची सही. मग साक्षीदार हवा होता. साहेबांनी कागद माझ्याकडं केला.

मी तो वाचला. काकांनी शिकवलं होतं म्हणून पूर्ण वाचला. त्यात लिहिलं होतं की सदर गिलावा अर्जदारानं स्वतः करून घेतला. वाचलं, आणि सही केली. काका त्या वेळी दुसरीकडं, गल्लीच्या तोंडाकडं बघत होते.

मला काय झालं असतं? काही नाही. जी वास्तू यादीत नाही तिच्यावर गिलावा करणं हा गुन्हाच नव्हता. हे काकांना माहीत होतं, आणि इतके महिने रोज सकाळी वाचून मलाही माहीत होतं. त्यांनी मला कायद्यापासून नाही वाचवलं. गल्लीत लोकांनी माझ्याकडं बोट दाखवलं असतं, त्यापासून वाचवलं. आणि स्वतःच्या चुलीवरची भेगसुद्धा कागदाशिवाय न बुजवणाऱ्या माणसानं त्यासाठी कागदावर खोटं लिहू दिलं.

प्याऊ यादीत गेली नाही. पुढच्या वर्षी गल्ली रुंद झाली. मशीन आली त्या दिवशी मी निंबोल्याला काम धरलं, लांब राहावं म्हणून. संध्याकाळी परतलो तर काका दोरी घेऊन मोकळ्या जागेवर उभे होते. मला म्हणाले, "आठच पावलं होती. पुन्हा मोजली."

पुढं दोन वर्षं आम्ही एका घरात राहिलो. पुस्तक पुन्हा उघडलं नाही, बाकी सगळं तसंच. माझ्या लग्नाला ते दोन गाड्या बदलून औशाला आले, आणि माझ्या आईला म्हणाले, "तुमच्या पोराचा हात चांगला आहे." मला ताटावर बसवेना. त्यांना सांगायचं होतं, किती वेळा ओठांवर आलं: काका, चला, भोपाळला जाऊन ते वाक्य बदलू. उद्या म्हणायचो. छत्रीखाली पोळी भाजता भाजता एका सकाळी ते खाली बसले आणि उठले नाहीत.

छताची परवानगी त्यानंतर पाच महिन्यांनी आली. त्यांच्याच नावानं. मुलीनं इंदूरहून फोन केला, म्हणाली, करून टाका भाऊ, तुम्हीच राहता तिथं. मी अर्ध्या दिवसात तडा बुजवला. चुन्यात, कारण आता मला चुना येतो. जुनं काम आलं की मी आधी जुन्या लोकांना विचारतो, सिमेंटचं पोतं उघडत नाही. छत्री उतरवली. तिच्या कापडाला आतून धुराचा थर होता.

मागच्या महिन्यात मी कामाचा खाडा करून साहेबांच्या कार्यालयात गेलो. पंचनाम्याची नक्कल मागितली, मिळाली. मग दुरुस्तीचा अर्ज दिला: या कागदात एक वाक्य चुकीचं आहे, साक्षीदार म्हणून मीच सांगतो. खिडकीतल्या बाबूंनी तो दोनदा वाचला. वाईट वागले नाहीत.

"भैया, ज्या वास्तूचा कागद आहे ती वास्तूच राहिली नाही. अर्जदारही राहिले नाहीत. मी हे कोणत्या फाइलीत लावू?"

अर्ज घडी करून खिशात घातला आणि परतलो. कधी कुणी शिकलेला माणूस आमच्या प्याऊची फाइल काढील, तेव्हा त्याला वाटेल की वर्षानुवर्षं अर्ज करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं शेवटी आपल्याच हातानं ती घालवली. तो हसेल कदाचित. म्हणून इथं लिहितो. पंचनाम्याची नक्कल समोर आहे, ते वाक्य मी मोठ्यानं वाचलं, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवरून कुणीतरी बोट वर केल्यासारखं वाटलं.

आता माझ्या शब्दांत सांगतो. प्याऊच्या भिंतीवर दोन मासे होते, एकमेकांकडं तोंड केलेले. ते मी खरवडले. काका तेव्हा इंदूरला होते, डोळ्याला पट्टी होती, आणि त्यांनी मला फक्त झाडायला सांगितलं होतं.